नाशिकमध्ये मधुमेहाच्या जखमेसाठी जीन थेरपी मिळते का? वडिलांच्या तळपायाची जखम दोन महिने भरत नाहीये.

नाही. नाशिकच काय, मुंबई-पुण्यातही मधुमेही जखमेसाठी मंजूर जीन थेरपी नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

कल्पना मात्र खरी आहे. जखम भरायला व्हीईजीएफ, पीडीजीएफ यांसारखी प्रथिनं लागतात. मधुमेहात ती कमी पडतात. नुसतं प्रथिन जेलमधून लावलं तर जखमेतली विकरं ते लवकर तोडून टाकतात. म्हणून त्याचा जीनच (ते प्रथिन बनवण्याची सूचना) प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचा छोटा गोल तुकडा किंवा विषाणूमार्फत पेशींत सोडायचा, म्हणजे पेशी काही दिवस ते प्रथिन स्वतःच बनवतात. जपानने 2019 मध्ये रक्तपुरवठा कमी झालेल्या पायांच्या जखमांसाठी एचजीएफ या अशाच एका प्रथिनाच्या जीनच्या इंजेक्शनला सशर्त मंजुरी दिली होती. पुढे ती टिकली नाही. 2023 मध्ये अमेरिकेत त्वचेवर लावायच्या जीन-जेलला मंजुरी मिळाली, पण ती एका दुर्मिळ आनुवंशिक त्वचारोगासाठी.

तुमचा प्रश्न आजचा आहे, तेव्हा आधी पायाचा रक्तप्रवाह तपासा: घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून तुलना करतात. मृत भाग सर्जनकडून काढून घ्या. तळपायाच्या जखमेवर भार पडता कामा नये. त्यासाठी खास प्लास्टर किंवा बूट मिळतो. बऱ्याच जखमा इथेच अडतात, कारण दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. आणि श्रावणात ब्रह्मगिरीची अनवाणी फेरी यंदा नको, वडील कितीही रुसले तरी.

बोट काळं पडलं, वास आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.