कथा-नाटकांत नकार मिळालेल्या पुरुषाच्या सुडाची कीव येते आणि बाईच्या सुडाची चीड, असं का?

तुम्ही म्हणता, तुमच्या कथेत मुलगा सूड घेतो तेव्हा वाचणारे हळहळतात, आणि तोच प्रसंग मुलीच्या वाट्याला दिला की ती खलनायिका वाटते. सरळ सांगते. लिहिणारा पुरुषाला दुःख देतो आणि बाईला नुसता राग देतो. त्याचं झुरणं आपण अर्धं नाटक बघतो. ती दुसऱ्या अंकात थेट दातओठ खातच येते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, 2008 साली मोडलं. मुलाकडच्यांनी मोडलं, कारण काय ते आजवर कळलं नाही. आमचं गाव गडचिरोलीतल्या वडशाजवळ, त्याचं वैनगंगेपलीकडे. बाबा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी वही काढली आणि खर्च लिहिला: मंडप, किराणा, त्यांच्याकडच्या साठ माणसांचं जेवण, अंगठी, कपडे. 31,650 रुपये झाले. बाबांनी ते धान विकून उभे केले होते. आत्याला सोबत घेऊन मी त्याच्या घरी गेले आणि चार माणसांसमोर वही वाचली. 28,000 परत मिळाले. मी रडले नाही, आवाज चढवला नाही, कोणाला शिवी दिली नाही.

गावात आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली: पोरीनं सूड घेतला.

त्याच वर्षी भाऊबीजेनंतर आमच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, गावच्या मंडळाचं नाटक झालं. लिहिलं होतं माझ्या मामेभावानं. थंडीत शाल गुंडाळून मी पुढच्या रांगेत बसले होते, कारण दादाचं पहिलं नाटक. त्यात नकार मिळालेले दोघं होते. एक नायकाचा मित्र. नायिका नाही म्हणाली म्हणून तो तिच्या घराला आग लावतो. त्याला दोन गाणी होती, त्याची आई होती, आणि शेवटी तो नायिकेच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. माझ्या शेजारच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. दुसरी एक बाई, नायकानं लग्न मोडलेली. ती दुधात विष कालवते, केस सोडून हसते, मग वेडी होते. ही भूमिका करायला वडशाहून नटी आणली होती आणि तिच्या हातात वही दिली होती. वही! हिशेबाची. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कोणीतरी माझं नाव घेतलं.

पहाटे नाटक सुटल्यावर मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "नाटक हाये वो बाई ते, तू कायले मनावर घेतेस? बाई वाईट नसली तं पब्लिक बसत नाही रातभर."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. महाभारतातली अंबा घ्या. शाल्वानं नाकारली, भीष्मानं नाकारली. तिच्यासाठी परशुराम तेवीस दिवस भीष्माशी लढले, तरी काही झालं नाही. मग तिनं तप केलं, अग्नीत उडी घेतली, द्रुपदाच्या घरी जन्मून शिखंडी झाली. उद्योगपर्वात तिची बाजू सविस्तर आली आहे, आणि तिला कोणी वेडी ठरवलेलं नाही. फक्त सूड पुरा करायला तिला पुरुष व्हावं लागलं, एवढं मात्र आहे. देवयानीनं कचाला शाप दिला हे सगळ्यांना पाठ. कचानंही तिला उलट शाप दिला, कोणी ऋषिपुत्र तुला वरणार नाही म्हणून, ते किती जणांना आठवतं? सिनेमात तर 'डर' आहेच, 1993 चा. नकार न ऐकणारा त्यातला माणूस आमच्या कॉलेजातली पोरं वर्षानुवर्षं हौसेनं नक्कल करून दाखवायची. त्याच्या धाकात जगणाऱ्या बाईची नक्कल कोणी केली नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका तरुणीला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं. सात दिवसांनी ती गेली. जाळणाऱ्याला दोन वर्षांनी जन्मठेप झाली. ती गेली त्या रात्री मी दादाला फोन केला. म्हटलं, तुझ्या नाटकातल्या आग लावणाऱ्याला दोन गाणी होती, आठवते का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तवा बावीस वर्षांचा होतो."

ते खरं आहे. आणि नाटकं बघून कोणी पेट्रोल घेऊन निघतो असं मी म्हणत नाही. बायका गुन्हे करत नाहीत असंही नाही, करतात. क्रूर बाई लिहूच नका असा माझा हट्ट नाही. 'गुप्त'मध्ये काजोलनं खुनी मुलगी केली, लोकांनी ती उचलून धरली. कोणी नीट लिहिली तर चालते.

तुमच्या कथेबद्दल म्हणाल तर मुलीला आधी चार पानं द्या. तिनं काय गमावलं ते रुपयांत, दिवसांत, गावातल्या नजरांत लिहा. तिच्या घरी कोण गप्प झालं ते लिहा. विष, वेड, मोकळे केस, सगळं काढून टाका. तिला स्वतःचं परत मागू द्या आणि मागताना ती शुद्धीवर असू द्या. मुलाचं गाणं काढा. निदान एक तरी काढा. हे मी तुम्हाला सांगतेय खरी, पण सांगायचं दादाला होतं.

यंदा मंडईत त्याचं नवं नाटक आहे. लिहिलेलं वाचायला दे म्हणून मी दोनदा सांगून ठेवलंय.