शिपिंगच्या भांडणात जाहीर माफी मागावी, की खातं बंद करावं?

तुम्ही लिहिलंय की एका अ‍ॅनिमेटेड मालिकेतल्या दोन पात्रांची जोडी तुम्हाला आवडते (चाहत्यांच्या भाषेत हेच 'शिपिंग'), तुम्ही तिची चित्रं काढता आणि गेला आठवडाभर दुसऱ्या जोडीचे चाहते त्या चित्रांचे स्क्रीनशॉट फिरवताहेत. त्यातलं 'असली जोडी आवडणारी व्यक्ती मनातून कशी असणार ते कळतंच' हे वाक्य तुम्हाला सगळ्यात लागलं. आता माफी मागून मोकळं व्हावं की खातंच बंद करावं, असं तुम्ही विचारताय.

आज रात्री दोन्ही करू नका. माफीनामा तर मुळीच लिहू नका. असे माफीनामे चिरफाड करून वाचणाऱ्यांत मी स्वतः होते, म्हणून सांगतेय.

सहा-सात वर्षांपूर्वी मी एका फॅन्डमच्या, म्हणजे एका मालिकेच्या चाहत्यांच्या, चॅट ग्रुपवर मॉड होते, म्हणजे ग्रुपची देखरेख करायचे. आम्हा पाच-सहा जणांचा एक वेगळा, बंद चॅनल होता. नाव होतं 'पुरावे'. समोरच्या जोडीवर फॅनफिक, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणाऱ्यांच्या जुन्या पोस्ट शोधायच्या, वरची-खालची ओळ कापायची, ध चा मा करायचा आणि चॅनलमध्ये टाकायचं. त्यांच्यातल्या एका लेखिकेवर सगळे तुटून पडले, तेव्हा तिने चार परिच्छेदांची माफी लिहिली. चांगली लिहिली होती, अगदी मनापासून. त्यात कुठेतरी 'जर कोणी दुखावलं गेलं असेल तर' असं होतं. मी त्या 'जर'भोवती लाल गोल काढला आणि चित्र पुढे पाठवलं. खाली एवढंच लिहिलं, 'जर?'

मी फॅन्डमसाठी तोवर जे काही केलं होतं, त्यातल्या कशालाही त्या लाल गोलाइतके लाइक मिळाले नव्हते. दोन दिवस मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. तिसऱ्या दिवशी तिचं खातं गेलं.

आणखी एक कबुली. तिची कथा मी चोरून वाचत होते. जोडी आवडायची नाही, पण बाई लिहायची झकास.

या प्रकारात माफी म्हणजे समोरच्याला दिलेला नवा कच्चा माल. भांडण विझत आलेलं असतं, लोकांकडे दाखवायला काही उरलेलं नसतं, आणि नेमकं तेव्हा तुम्ही चारशे शब्द त्यांच्या हातात ठेवता. शिवाय माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला, असंच ते वाचलं जातं. मुळात गुन्हा काय, तर दोन काल्पनिक माणसं एकमेकांना शोभतात असं तुम्हाला वाटलं.

शिपिंगची भांडणं आजची नाहीत. 'शिप' हे 'रिलेशनशिप'चं शेपूट. १९९३ साली सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' या मालिकेच्या चाहत्यांनी ते रुळवलं. तिच्यातल्या मुल्डर आणि स्कलीने एकत्र यावं म्हणणारे ते रिलेशनशिपर, पुढे नुसते शिपर. आणि कृपा करून यात रोमान्स आणू नका म्हणणारे ते नोरोमो. तेही कडाकडा भांडायचे. पण त्या काळच्या भांडणांना एक पंच असायचा. पुढचा भाग यायचा, पुढचं पुस्तक यायचं, निकाल लागायचा. 'हॅरी पॉटर'मधल्या हर्मायनीची जोडी हॅरीशी की रॉनशी, यावर वर्षानुवर्षं युद्ध चाललं होतं. जुलै २००५ मध्ये सहावं पुस्तक आलं आणि पाठोपाठ लेखिका जे. के. रोलिंगची एक मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या दोघांपैकी एकाने हॅरी-हर्मायनीवाल्यांना सरळ भ्रमिष्ट ठरवलं. लेखिकेने 'तेही माझे वाचकच आहेत' म्हणून सावरून घेतलं, पण त्या शब्दाचा जाळ व्हायचा तो झालाच. गंमत म्हणजे २०१४ मध्ये तीच म्हणाली की रॉन-हर्मायनीची जोडी ही आपली एक प्रकारची इच्छापूर्ती होती. म्हणजे नऊ वर्षांनी पंचालाच स्वतःच्या निकालाबद्दल शंका! तरी तिथे एक बाजू हरली आणि बरेच लोक कुरकुरत का होईना, पुढे गेले.

तुमच्या भांडणाला पंच नाही. कोणती जोडी जुळणार हा प्रश्न मागे पडून कोण चांगला माणूस आणि कोण वाईट, हा प्रश्न आलाय, आणि त्याचा निकाल कुठल्याच भागात लागणार नाही. वयातलं अंतर, एक पात्र खलनायक असणं, दोघं भावंडांसारखी वाढलेली असणं, कारण काहीही पुरतं. यातले काही मुद्दे शांतपणे बोलण्यासारखे असतातही. पण आमच्या 'पुरावे' चॅनलचं सांगते. त्या दुसऱ्या जोडीतल्या वयाच्या फरकाबद्दल पहिले दोन सीझन कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आमची जोडी मालिकेत मागे पडली आणि आठवड्याभरात आमची नीतिमत्ता जागी झाली.

हे सगळेच दुष्ट असतात असं मात्र समजू नका. कुणाला पडद्यावर आपल्यासारखं प्रेम पहिल्यांदा त्याच एका जोडीत दिसलेलं असतं, आणि ती तुटली की खरंच काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. ते दुःख समजून घ्या, पण त्याचा हिशेब तुम्ही चुकता करायची गरज नाही.

झुंडीच्या तरी हाती शेवटी काय लागतं? फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधला अभिनेता शाओ झान याच्या काही चाहत्यांना त्याच्यावरची एक फॅनफिक खटकली. त्यांनी मिळून तक्रारींचा सपाटा लावला. २९ तारखेला 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही फॅनफिकची अख्खी साइट चीनमध्ये बंद झाली. ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता त्यांचीही लिहिण्या-वाचण्याची जागा गेली. चिडलेल्या लोकांनी मग तो जाहिरात करत असलेल्या ब्रँडवर बहिष्कार घातला. त्याच्या इज्जतीसाठी चाहते निघाले होते आणि ज्याने ती कथा लिहिलीही नव्हती, फटका त्यालाच बसला.

आता कामाचं. कमेंट काही दिवस बंद ठेवा. जोडीचं नाव आणि स्वतःचं नाव, दोन्ही शब्द म्यूट करा. धमक्या, घरचा पत्ता, खरं नाव असलं काही आलं तर स्क्रीनशॉट काढून साइटकडे आणि गरज पडली तर पोलिसांकडे तक्रार करा. पण ते तुम्ही स्वतः चाळत बसू नका, विश्वासातल्या एखाद्याला द्या. आणि तुमच्या बाजूने भांडणाऱ्या मित्रमैत्रिणींना थांबवा. हे सगळ्यात अवघड जातं, कारण ते प्रेमाने करताहेत. पण त्यांचं प्रत्येक उत्तर ती पोस्ट पुन्हा वर आणतं. आम्ही 'पुरावे'मध्ये अशा उत्तरांची वाट बघत बसायचो.

पुढचं चित्र टाकाल तेव्हा जोडीचं नाव टॅगमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे ज्यांना ती जोडी नको ते गाळू शकतील. वर सांगितलेल्या साइटवर दोन नावांमध्ये तिरकी रेघ असली की प्रेमप्रकरण, अँडचं चिन्ह (&) असलं की मैत्री. चिन्ह चुकलं की मैत्री शोधत आलेला वाचक भलत्याच कथेत येऊन पडतो आणि त्याचं चिडणं मग रास्त असतं.

एक अपवाद. एखादीने म्हटलं की सावळ्या पात्राला तुम्ही गोरं रंगवलंय, किंवा चित्र दुसऱ्याचं गिरवलंय, आणि ते खरं असेल, तर एका ओळीत मान्य करा आणि दुरुस्त करा. मी स्वतःला एकच विचारते, यात दुरुस्त करता येईल असं काही आहे का? 'तू माणूस म्हणून घाण आहेस' यात दुरुस्त काय करणार?

इतकं करूनही जावंसं वाटलं तर जा, पण चित्रं पुसू नका. त्या साइटवर 'ऑर्फन' अशी एक सोय आहे. तुमचं नाव निघून जातं, काम तिथेच राहतं. ते परत फिरवता येत नाही, म्हणून रागाच्या भरात तेही नको. दोन आठवडे थांबून ठरवा. माफी लिहिणाऱ्या त्या लेखिकेने एका रात्रीत सगळं पुसलं होतं. बाविसाव्या प्रकरणाच्या शेवटी दोघं पावसात एका बंद स्टेशनवर अडकलेली होती. तेविसावं आलंच नाही.