दिवा जांभळा दिसावा की पोशाख उजळावेत?

प्रश्न : आमच्या नृत्यपथकाला एक प्रवेश पूर्ण अंधारात, केवळ अतिनील प्रकाशात सादर करायचा आहे. ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे एलईडी दिवे लावून पाहिले, तेव्हा सारा मंच जांभळा झाला आणि पांढरे पोशाख मात्र फारसे उठून दिसले नाहीत. अधिक वॅटचे दिवे घ्यावेत का? नर्तकांच्या डोळ्यांना अपाय तर होणार नाही ना?

उत्तर : वॅट वाढवल्याने तुमची अडचण बहुधा वाढेलच, कारण ३९५ नॅनोमीटरच्या दिव्याचा बराचसा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या पट्ट्यात सांडतो आणि पोशाखांची चमक त्याच जांभळ्या उजेडात बुडून जाते. तुम्हाला हवा आहे तो ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा दिवा. त्यातही ज्याच्यापुढे दृश्य प्रकाश अडवणारी काळसर काच बसवलेली आहे, असा दिवा घ्यावा. तो पेटला आहे की नाही अशी शंका यावी इतका मंद दिसतो. खरेदी करताना ग्राहक नेमका यालाच फसतो आणि भडक जांभळा दिवा उचलतो. काळ्या रंगाच्या साध्या तंतुदिव्यांच्या (तार तापून पेटणाऱ्या बल्बांच्या) वाटेला तर जाऊच नये, कारण त्यांतून उष्णता भरपूर आणि अतिनील प्रकाश नगण्य मिळतो.

पोशाखांकडेही पाहायला हवे. दिवसा सारखेच शुभ्र दिसणारे दोन सदरे ३६५च्या छोट्या टॉर्चखाली धरले, तर एक निळसर पेटून उठतो आणि दुसरा मळकट राखाडी पडतो, कारण चमक येते ती कापडात किंवा धुण्याच्या पावडरीत असलेल्या शुभ्रकारक द्रव्यांमुळे, पांढऱ्या रंगामुळे नव्हे. म्हणून दिवे ठरवण्याआधी प्रत्येक कपडा, फीत आणि रंग अंधाऱ्या खोलीत तपासावा. काळ्या कपड्यांवरचे कापसाचे तंतूही तेव्हाच दिसतील, आणि ते प्रयोगाच्या दिवशी दिसण्यापेक्षा आधी दिसलेले बरे.

मंच रुंद असेल, तर एकाच प्रखर दिव्याऐवजी दोन्ही बाजूंनी आणि समोरून लांबट एलईडी बार लावावेत. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे दिवे शक्य तितके जवळ, पण नर्तकांच्या वाटेबाहेर असावेत. संरक्षणासाठी त्यांच्यापुढे साधा पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक, कडक प्लास्टिकचा) पत्रा लावू नये. तो अतिनील किरण गिळून टाकतो. बाहेर जाण्याच्या दाराची खूण मात्र कितीही त्रासदायक वाटली तरी झाकू नये.

डोळ्यांबाबत सांगायचे, तर ब्लॅकलाइटचे, म्हणजे मंचावरच्या अशा अतिनील दिव्यांचे, किरण ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले असतात. योग्य अंतरावरून, मर्यादित वेळेपुरते ते सहसा त्रास देत नाहीत, परंतु डोळ्यांच्या उंचीवर रोखलेल्या दिव्याकडे पाहिल्यास डोळ्यातले भिंगच चमकू लागते आणि नजरेपुढे धुके पसरल्यासारखे होते. उडी घेणाऱ्या नर्तकाला ते परवडणारे नाही. दिवे वरून खाली किंवा पायांच्या रोखाने लावावेत. ज्यांना प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. खरा धोका वेगळाच आहे : निर्जंतुकीकरणासाठीच्या २५४ नॅनोमीटरच्या नळ्याही ‘अतिनील दिवे’ म्हणूनच विकल्या जातात, आणि त्यांच्या उजेडात काढलेल्या थोड्या वेळानेही काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते, त्वचा भाजते. वेष्टनावर तरंगलांबीचा आकडा छापलेला नसेल, तर तो दिवा घेऊ नये.