पिशवी काढल्यावर ‘लाईट’ कशाला? वाचकांचे प्रश्न

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या घरून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यातले काही इथे घेतो. ‘लाईट’ म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार.

पिशवी काढली, गाठ गेली. मग लाईट घ्यायचीच का? (गडहिंग्लज)

सगळ्यांना लागत नाही. गाठ स्नायूत किती खोल गेली, ग्रेड कोणती (म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात), बारीक रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या का, तुमचं वय किती, यावर ते ठरतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (2000) पहिल्या स्टेजच्या बायकांमध्ये योनीत किंवा ओटीपोटात कॅन्सर परतण्याचं पाच वर्षांतलं प्रमाण लाईटमुळे 14 टक्क्यांवरून 4 वर आलं. आयुष्य मात्र वाढलं नाही. म्हणून धोका कमी असेल तर आम्हीच नको म्हणतो. मधल्या धोक्यात बऱ्याचदा आतून दिलेली लाईट, म्हणजे ब्रेकीथेरपी, पुरते. मोजक्या बैठका लागतात आणि जुलाबाचा त्रास कमी होतो. तुमचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगता येणार नाही.

लाईट घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

खुशाल घ्या.

आईचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. डॉक्टरांनी लाईट सांगितलीय, पण ऊस तुटेपर्यंत थांबावं म्हणतो. शेजारच्यांनी एक पावडर दिलीय, ती चालू आहे. (कागल तालुका)

ऊस थांबेल, आईचा आजार थांबणार नाही. टाके भरले की साधारण सहा ते आठ आठवड्यांत लाईट सुरू व्हावी लागते, आणि तुमचे आठ आठवडे इथेच संपले. माझ्यासमोर पेशंटच्या कागदपत्रांच्या पिशव्या येतात, त्यात डिस्चार्ज कार्डामागे गाठीचा रिपोर्ट पिन मारलेला तसाच असतो, कुणी उघडलेलाही नसतो. त्याच पिशवीत पावडरीचा डबा मात्र निम्मा संपलेला! ‘पेशी जाळते’ असं त्यावर छापलंय, पण कुणावर तपासली ते छापलेलं नाही. विकणाऱ्याला विचारा, तो इम्युनिटीवर बोलायला लागेल. डबा डॉक्टरांना दाखवा आणि तोवर बंद ठेवा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, मंजुरीचे कागद आजच हलवा. बाहेरून द्यायची लाईट साधारण 25 बैठकांची, आठवड्यातून पाच दिवस. एकदा सुरू झाली की जोतिबाची यात्रा, भाचीचं लग्न म्हणून मध्ये खाडे करायचे नाहीत. उद्याच रिपोर्ट घेऊन कॅन्सरतज्ज्ञांकडे जा.

केस जातील का? तांबडा रस्सा चालेल का?

डोक्याचे केस जात नाहीत, ते केमोत जातात. लाईट ओटीपोटावर असते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब, लघवीला जळजळ आणि थकवा येऊ शकतो. तेवढे दिवस तांबडा बाजूला ठेवा. मऊ भात, ताक, भरपूर पाणी घ्या. जुलाब वाढले तर दुकानातून गोळी आणू नका, लाईट देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

लाईट होऊन वर्ष झालं. संबंधाच्या वेळी खूप दुखतं. कुणाला विचारणार?

आम्हालाच विचारा, ताई. लाईटनंतर योनीमार्ग आखडतो, कोरडा पडतो. त्यासाठी डायलेटर, म्हणजे योनीमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी, मिळतं, ते कसं आणि किती दिवस वापरायचं हे नर्स शिकवतात. खरं तर हे लाईट संपतानाच सांगायला हवं होतं. अजूनही उपाय आहे, तपासणीला या.

कधीमधी रक्ताचा डाग दिसतो. पाळी असेल का?

पिशवीच नाही, पाळी कुठून येणार? कधी लाईटमुळे नाजूक झालेल्या त्वचेतूनही रक्त येतं, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. याच आठवड्यात दाखवा.