कर्नलचा कोड रीड-ओन्ली असेल, तर एफट्रेस तो बदलतो कसा?

तुमची शंका रास्त आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्याचा कोड असलेलं पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) रीड-ओन्ली आहे, तरी एफट्रेस (कर्नलमधली फंक्शनं चालताना टिपणारं साधन) चालत्या मशीनवर फंक्शनच्या सुरुवातीचा ५ बाइटचा नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) काढून तिथे स्वतःच्या कोडकडे नेणारा कॉल बसवतो. एक्स८६ (इंटेल-एएमडीचे) प्रोसेसरवरच्या लिनक्सचं सांगतो.

मूळ पानाची परवानगी बदलतच नाही. रीड-ओन्ली हा गुण पेज टेबलमधल्या (कोणता पत्ता रॅममधल्या कोणत्या पानाचा, हे सांगणाऱ्या तक्त्यातल्या) नोंदीचा, रॅमचा नव्हे. कर्नलचं टेक्स्ट_पोक हे फंक्शन त्याच भौतिक पानाला दुसरा, लिहिता येणारा पत्ता देतं, तिथून बाइट लिहितं आणि तो पत्ता लगेच मोडतं. लिनक्सच्या ५.२ आवृत्तीपासून (२०१९) हा पत्ता वेगळ्या, तात्पुरत्या अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये (पत्त्यांच्या स्वतंत्र संचात) असतो आणि ती फक्त लिहिणाऱ्या सीपीयूवर लोड होते. बाकीच्या सीपीयूंना ही खिडकी दिसतच नाही. मला हा भाग फार सुंदर वाटतो.

खरी अडचण पुढे आहे. ५ बाइट अर्धवट लिहिलेले असताना दुसरा सीपीयू तिथे पोचला तर? म्हणून आधी पहिल्या बाइटवर इंट३ (सीपीयूला थांबवून ट्रॅप हँडलर या कर्नलच्या कोडकडे पाठवणारी एक बाइटची इन्स्ट्रक्शन) ठेवतात, सगळे सीपीयू सिंक करतात (सगळ्यांना बदल दिसेल असं करतात), मग उरलेले ४ बाइट, पुन्हा सिंक, शेवटी पहिला बाइट. मधेच कोणी आलाच, तर ट्रॅप हँडलर नव्या इन्स्ट्रक्शनचं काम स्वतः करून त्याला पुढे सोडतो.

सीआर० या सीपीयूच्या नियंत्रण-रजिस्टरमधला राइट-प्रोटेक्ट बिट (कर्नललाही रीड-ओन्ली पानावर लिहू न देणारा) बंद करायचा जुना सल्ला कृपया वापरू नका. तेवढा वेळ त्या सीपीयूवर प्रत्येक रीड-ओन्ली पान उघडं पडतं. मॉड्यूल (कर्नलमध्ये नंतर जोडायचा कोड) लिहीत असाल, तर केप्रोब (कर्नलच्या कोडमध्ये तपासबिंदू लावायची सोय) किंवा एफट्रेसच वापरा.