४० च्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेल्या रेडिओ-कंट्रोल ट्रेनर (शिकाऊ) मॉडेल विमानाला ५२ चं फोर-स्ट्रोक इंजिन बसेल का?

बसेल, आणि छान उडेल. ०.४० घनइंची (साधारण ६.५ सीसी) टू-स्ट्रोक आणि ०.५२ घनइंची (८.५ सीसी) फोर-स्ट्रोक यांची ताकद जवळपास सारखीच, त्यामुळे सांगाडा मजबूत करायची गरज नाही.

खरं काम फायरवॉलवर, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या नाकातल्या प्लायवुडच्या भिंतीवर आहे. माउंट (इंजिन धरणारा कंस) इंजिनच्या रुंदीचा नवाच घ्या. जुना कानशीने घासून रुंद केलात तर नेमका तिथेच तडकतो. फोर-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर मागच्या बाजूला असतो, म्हणून भोकं पाडण्याआधी इंजिन नुसतं धरून बघा: कार्ब्युरेटर फायरवॉलला टेकत नाही ना, थ्रॉटलची तार न वाकता पोचते ना? जुनी भोकं इपॉक्सीत बुडवलेल्या लाकडी खुंट्यांनी बुजवा, नव्यांना मागून ब्लाइंड नट (लाकडात रुतून बसणारे नट) लावा आणि उघड्या प्लायवर पातळ इपॉक्सीचा हात फिरवा. नाहीतर इंधनातलं तेल लाकडात मुरतं आणि माउंट हलायला लागतो. इंजिनला उजवीकडे व खाली दिलेला कल मात्र होता तेवढाच ठेवा.

इंधनाच्या टाकीची मध्यरेषा नीडलच्या (कार्ब्युरेटरमधल्या इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या) पातळीत किंवा किंचित खाली हवी.

नाक जड होईल. शेपटीत शिसं भरण्याआधी रिसीव्हरची बॅटरी मागे सरकवा आणि रिकाम्या टाकीने तोल प्लॅनवरच्या (विमानाच्या आराखड्यावरच्या) गुरुत्वमध्याच्या खुणेशी जुळवा.

पंखा (प्रोपेलर) १०×६ ऐवजी १२×६ (इंचांत व्यास × पिच) लागेल. तो जमिनीला घासत असेल तर चाकं मोठी घाला.