एम्प्लॉयी रेफरलमुळे कंपनीत एकाच प्रकारची माणसं गोळा होतात का?

हो, होतात. तुमच्या पुण्याच्या आयटी कंपनीत मित्राचं नाव सुचवलं की बोनस मिळतो, एचआर म्हणतं यानं डायव्हर्सिटी घटते, आणि तुम्ही विचारताय की नाव द्यावं की नाही. मी आयटीतला नाही. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली. तिथं बोनस नव्हता, बाकी सगळं हेच होतं.

मलाही मामांनीच लावून दिलं. मामा एक्स्ट्रूजनला, म्हणजे वितळलेल्या मालाचा पाइप काढतात त्या खात्यात, शिफ्ट सुपरवायझर. जागा रिकामी होणार हे कागदावर यायच्या आधी त्यांना ठाऊक असायचं, कारण सोडून जाणारा पहिल्यांदा त्यांनाच सांगायचा. सुट्टीला मामा गावी जायचे आणि परत आले की टाइम ऑफिसपुढे एक नवा पोरगा उभा. होता होता आमच्या शिफ्टच्या मस्टरवर तीन-चार आडनावं आणि एकच तालुका उरला. मामांच्या मनात कुणाविषयी द्वेष होता असं मी कधीच म्हणणार नाही. पण ज्यांच्या लग्नाला जायचं, ज्यांच्या पंगतीला बसायचं, त्यांचीच पोरं त्यांना माहीत. पावरा, तडवी अशा आदिवासी किंवा बौद्ध घरांत त्यांचं जाणं-येणंच नव्हतं, तर तिथला पोरगा त्यांना आठवणार कसा?

माझ्याबरोबर आयटीआयला धडगावकडचा एक पावरा मित्र होता. फिटर ट्रेड. व्हर्नियरवर माप घ्यायला आम्ही बसलो की आमचं होईपर्यंत त्याचं लिहूनसुद्धा झालेलं असायचं. तो गेटवर गेला तर वॉचमनचा पहिला प्रश्न, "तुले कोनी धाडं?" कोणीच नाही म्हटल्यावर अर्ज आतही गेला नाही. मी मामांशी बोललो. मामा म्हणाले, "पोऱ्या चांगला व्हई, पन त्यानी हमी कोन देई?" माझी हमी त्यांना पुरली नाही. तो सुरतेला गेला, आज तिथल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, मेंटेनन्स सांभाळतो. खान्देशचा कारागीर गुजरातनं नेला आणि आमच्या गेटवरून नेला, हे मला अजून सहन होत नाही.

यात कंपनीचा फायदा असतो म्हणणाऱ्यांनी वैशाखात आमची शिफ्ट बघायला हवी होती. मामांच्या गावात मोठं लग्न निघालं की अर्धी माणसं गायब. पीव्हीसीचा एक्स्ट्रूडर, म्हणजे पाइप काढायचं मशीन, पंख्यासारखा बंद करून ठेवता येत नाही. गरम बॅरलमध्ये माल थांबला की जळून काळा पडतो, नाकाडोळ्यांत झोंबणारा वास सुटतो, मग डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, खोलून पितळेच्या पट्टीनं खरवडत बसा. याहून वाईट म्हणजे कुणी कुणाची चूक सांगत नसे. कटरचं गार्ड काढून काम चालायचं. एका पोराचं बोट कापलं, तरी रजिस्टरला नोंद झाली नाही, कारण सुपरवायझर चुलता लागायचा आणि तक्रार थेट घरच्या ओट्यावर पोचली असती.

हे आजचंही नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं भरायचा. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपात हा प्रश्न उभा केला. फेब्रुवारी 1938 मध्ये आमच्या शेजारच्या मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेतलंही सांगितलं: दलित माणूस गँगमनच राहतो, पोर्टरसुद्धा होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं. 1959 च्या कायद्यानं 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यांनाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायला सांगितलं. पण माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती त्यात नव्हती, त्यामुळे तिथल्या नावनोंदणीचं कार्ड काढून पोरं म्हातारी झाली.

मामांचं एक म्हणणं मला मान्य आहे. जाहिरात दिली म्हणून न्याय होतो असं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 चा अभ्यास आहे. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. उच्चजातीय हिंदू नावाच्या मानानं दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची संधी सुमारे 0.67 पट आणि मुस्लिम नावाला 0.33 पट निघाली. मुलाखत नाही, चेहरा पाहिला नाही, नुसतं नाव.

म्हणून आमच्याकडे नवे प्लांट मॅनेजर आले तेव्हा मी दोन्ही गोष्टी धरून बसलो. जागेची पाटी गेटवर आणि यावल, चोपडा, नंदुरबारच्या आयटीआयमध्ये लागेल. आणि प्रॅक्टिकल घेताना नाव नाही, फक्त नंबर: पाइपचा तुकडा हातात द्यायचा, भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजून लिही म्हणायचं. मामांच्या गावची पोरंही त्यात पास झाली, काही नापास झाली. सातपुड्यातली पोरं आली, दोन मुली क्वालिटीला आल्या. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजोळी गेलो तर मामा माझ्याशी बोलले नाहीत. "हाई पोरं टिकाव नहीत," एवढंच आईला ऐकवलं. मामा, काही गेली, पण टिकली ती आज शिफ्ट चालवतात. आणि तुम्ही आणलेलीही सगळी थांबली नव्हती.

एक सांगायचं राहिलं. ओळखीनं आलेली माणसं साधारणपणे जास्त टिकतात, हे इतर ठिकाणच्या अभ्यासांतही दिसलं आहे, ते मी नाकारत नाही. दहा माणसांच्या दाल मिलवाल्यानं परीक्षा घेत बसावं असंही माझं म्हणणं नाही. आणि खेड्यातली मुलगी रात्रीच्या पाळीला यायची असेल, तर आधीपासून कामाला असलेल्या शेजारणीच्या शब्दावरच घरचे पाठवतात. तिथं ओळख हाच रस्ता आहे, तो बंद करू नका.

तुमच्यापुरतं म्हणाल तर मित्राचं नाव द्या, त्याची नोकरी अडवून काही साधणार नाही. पण त्याच्या मुलाखतीच्या पॅनलवर बसू नका, आणि "माझा माणूस आहे, बघा जरा" हा फोन करू नका. नाव देतानाच एचआरला मेलवर विचारा, की ही जागा कर्मचाऱ्यांच्या ओळखीबाहेर कुठं कुठं जाहीर केली आहे. उत्तर लेखी मागा.